गुरगुर वगळा, बोलणं ठेवा

अमेरिकेतल्या एखाद्या मध्यम आकाराच्या गावात जुना स्कॅनर चालू करा आणि त्याला १५० ते १७४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मोकळा सोडा. काही क्षणांत तो थांबेल. कोणीतरी बोलेल म्हणून तुम्ही कान द्याल आणि ऐकू येईल एक सलग, खर्जातली गुरगुर. बटण दाबून पुढे ढकललं की थोड्या अंतरावर पुन्हा तेच, फक्त या वेळी तुटक-तुटक. मग पेजरची किरकिर. मग पुन्हा गुरगुर. नशीब असेल तर मध्येच कुठेतरी रेल्वेचा डिस्पॅचर एखाद्या मालगाडीला हिरवा कंदील देताना सापडेल. या छंदातल्या लोकांची आजची मुख्य कुरकुर हीच आहे : आम्हाला माणसं ऐकायची आहेत, मग हे यंत्र प्रत्येक डिजिटल सिग्नलपाशी का अडतं? आणि ते सिग्नल वगळून फक्त ॲनालॉग शोधायला त्याला सांगता येतं का?

येतं, पण फुकटात नाही. या कामाच्या प्रत्येक युक्तीची किंमत एकतर वेळेत मोजावी लागते, नाहीतर हुकलेल्या संदेशांत.

स्कॅनर म्हणजे स्वतःची सुई स्वतःच फिरवणारा रेडिओ. चांगला स्कॅनर सेकंदाला शंभराच्या आसपास चॅनेल तपासतो, म्हणजे एका चॅनेलच्या वाट्याला साधारण दहा मिलिसेकंद येतात. एवढ्या वेळात एकच प्रश्न विचारून होतो : इथे कोणी आहे का? जो आहे तो काय करतोय, बोलतोय की आकडे पाठवतोय, हा दुसरा प्रश्न त्या दहा मिलिसेकंदांत मावतच नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या मंडलाला स्क्वेल्च म्हणतात. एफएम रिसीव्हरचा स्वभाव मोठा उलटा असतो. समोर कोणीच प्रक्षेपण करत नसेल तर तो गप्प बसत नाही, जोरात खरखरतो. ही खरखर माणसाच्या बोलण्याच्या पट्टीत असते तशीच तिच्या बऱ्याच वरही पसरलेली असते. पुरेसा जोरदार सिग्नल आला की ती दबते. स्क्वेल्चचं मंडल बोलणं ऐकतच नाही. ते बोलण्याच्या वरच्या पट्टीत उरलेली खरखर मोजतं आणि ती ओसरली की स्पीकर चालू करतं. कोणी वॉकीटॉकीचं बटण दाबून मुकाट बसला तरी स्पीकर चालू होईलच. डिजिटल सिग्नलची ऊर्जा तर मुद्दाम सुमारे तीन किलोहर्ट्झच्या आत बसवलेली असते, म्हणजे वरची पट्टी अगदी स्वच्छ. स्क्वेल्चच्या लेखी गुरगुरणारा डिजिटल सिग्नल हा उत्तम, खणखणीत सिग्नल असतो. त्याच्यावर न थांबायला स्कॅनरकडे काही कारणच नाही.

हा पेच नवा आहे, कारण ऐकण्याचा छंद डिजिटलपेक्षा कितीतरी जुना आहे. डेट्रॉइटच्या पोलिसांनी ७ एप्रिल १९२८ रोजी गस्तीच्या गाड्यांकडे रेडिओवरून निरोप पाठवायला सुरुवात केली. तेव्हा वाहतूक एकतर्फी होती, गाडीतून उलट बोलता येत नसे. ती सोय न्यू जर्सीतल्या बेयोन गावाने १९३३ मध्ये करून दाखवली. पोलिसांचे ते संदेश मध्यम लहरींच्या जरा वर असत, त्यामुळे त्या काळातल्या अनेक घरगुती रेडिओंच्या तबकडीवर ‘पोलिस’ अशी खूण सरळ छापलेलीच असे. जेवणं उरकली की लोक नाटिका ऐकत, तसे पोलिसही ऐकत. वीजी या नावाने प्रसिद्ध झालेला छायाचित्रकार आर्थर फेलिग याने १९३८ मध्ये न्यू यॉर्कच्या पोलिसांचे निरोप ऐकणारा रेडिओ जवळ बाळगायची परवानगी मिळवली होती, आणि खून, आगी, अपघात यांच्या जागी तो इतरांच्या आधी पोचायचा. १९४५ साली आलेल्या त्याच्या ‘नेकेड सिटी’ या पुस्तकामागे कॅमेऱ्याइतकाच तो रेडिओ आहे असं मला वाटतं. १९४० मध्ये कनेक्टिकटच्या राज्य पोलिसांनी एफएम यंत्रणा उभारली आणि पुढची पाचेक दशकं पोलिस, अग्निशमन, टॅक्सी, रुग्णवाहिका, सगळे एफएमवर उघड बोलत राहिले. स्कॅनर घडला तो या जगासाठी. त्या जगात ‘सिग्नल आहे’ म्हणजे ‘माणूस आहे’, हे समीकरण जवळजवळ खरं होतं.

१९८९ मध्ये सार्वजनिक सुरक्षेच्या दूरसंचार अधिकाऱ्यांच्या ‘ॲपको’ या संघटनेने डिजिटल रेडिओच्या मानकावर काम सुरू केलं. त्यातून आलं ‘प्रोजेक्ट २५’, बोलीभाषेत पी-२५. व्यापारी वापरासाठी पुढे डीएमआर आणि एनएक्सडीएन आले, युरोपात टेट्रा रुजला. यांच्या शाखा-उपशाखांत शिरायचं कारण नाही. आपल्या कामापुरतं एवढं पुरे की यांतल्या कुठल्याही पद्धतीत हवेतून आवाज जात नाही.

मग काय जातं? पी-२५ मध्ये बोलणाऱ्याचा आवाज वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापतात. प्रत्येक तुकड्याचा स्वर किती उंच, त्यातला कोणता भाग घशातून घुमणारा आणि कोणता नुसता फूत्कार, कुठल्या पट्टीत किती जोर, एवढंच मोजून त्याचे ८८ बिट करतात. चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून त्यांत आणखी ५६ बिट घालतात आणि हे आकडे धाडतात. पलीकडचं यंत्र त्यावरून तसाच आवाज नव्याने तयार करतं. नकलाकाराला मूळ माणूस न ऐकवता नुसत्या सूचना द्याव्यात आणि त्याने त्यावरून नक्कल वठवावी, असा हा प्रकार आहे. या यंत्रणेला व्होकोडर म्हणतात.

या रचनेतून एक गोष्ट अशी निघाली की तिच्यामुळे आजही कित्येक ठिकाणी ॲनालॉग शाबूत आहे. व्होकोडरला माणसाचं बोलणं अपेक्षित असतं, आणि आगीच्या ठिकाणी नुसतं बोलणं कधीच नसतं. पाण्याचा फवारा असतो, छप्पर कापणारी करवत असते, तोंडावर मुखवटा असतो, हवेची टाकी संपत आल्याची घंटा वाजत असते. जवान काही सेकंद हलला नाही तर त्याच्या अंगावरचं धोक्याचं यंत्र कर्कश केकाटू लागतं. म्हणजे मदतीची हाक द्यायची ती नेमकी याच गोंगाटात. व्होकोडर हा सगळा गोंगाटही माणसाच्या गळ्यातून आला असावा असं धरून त्याचं मोजमाप करतो आणि पलीकडे भलताच चिवचिवाट ऐकू येतो. अशा तक्रारी वाढल्यावर अमेरिकेतल्या अग्निशमन प्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००७ मध्ये या प्रश्नासाठी खास गट नेमला. २००८ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर इथल्या सरकारी दूरसंचार प्रयोगशाळेने खऱ्या आवाजांच्या ध्वनिफिती वापरून श्रोत्यांवर चाचण्या घेतल्या. काही गोंगाट इतके भयानक होते की कुठल्याच रेडिओवर धड कळेना. पण जिथे फरक पडला तिथे बऱ्याच वेळा साधा ॲनालॉग एफएम सरस ठरला. ॲनालॉगमध्ये गोंगाट गोंगाटच राहतो, बोलणं बोलणंच राहतं, आणि त्यातून शब्द निवडण्याचं काम मेंदू करतो. मेंदू ते काम लाखो वर्षं करत आलाय. म्हणून डिस्पॅचची मुख्य यंत्रणा डिजिटल असूनही प्रत्यक्ष जळत्या इमारतीपाशी आपापसांत बोलायला ॲनालॉग चॅनेल राखणारी अग्निशमन दलं अमेरिकेत पुष्कळ आहेत. शोधणाऱ्याला हेच हवं असतं.

इथे एक गैरसमज बाजूला सारतो. १ जानेवारी २०१३ पासून तिथल्या दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, १५० ते १७४ आणि ४२१ ते ४७० मेगाहर्ट्झमधल्या परवानाधारकांना २५ किलोहर्ट्झऐवजी १२.५ किलोहर्ट्झची अरुंद वाहिनी सक्तीची केली. त्या दिवसापासून सगळं डिजिटल झालं, असं अनेक जण आजही सांगतात. तसं काही झालं नाही. वाहिनी अरुंद झाली, ॲनालॉग राहिला. फक्त नवे रेडिओ घ्यायचेच आहेत तर डिजिटलच घेऊ, असा हिशेब बऱ्याच खात्यांनी केला.

आता युक्त्या. माझ्या मते सर्वांत चांगली युक्ती स्कॅनर चालू करण्याआधीची आहे : परवाने वाचणं. एफसीसीची परवान्यांची नोंदवही सर्वांना खुली आहे. तिच्यात प्रत्येक फ्रिक्वेन्सीपुढे प्रक्षेपणाचा प्रकार सांगणारा एक संकेत असतो, उदाहरणार्थ ‘११के२एफ३ई’. पहिला भाग रुंदी सांगतो, ११.२ किलोहर्ट्झ. पुढचं ‘एफ’ म्हणजे फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन, ‘३’ म्हणजे ॲनालॉग माहितीची एक वाहिनी, ‘ई’ म्हणजे बोलणं. तेच ‘८के१०एफ१ई’ दिसलं तर तो ‘१’ डिजिटलचा, आणि हा संकेत म्हणजे बहुधा पी-२५. ‘७के६०’ने सुरू होणारे संकेत डीएमआरचे. विमानांच्या एएमचं शेपूट ‘ए३ई’. म्हणजे शेवटच्या तीन अक्षरांत ३ असेल तर यादीत घ्या, १ किंवा ७ असेल तर सोडा. ही चाळणी दिवाणखान्यात बसून होते आणि तिला स्कॅनरचा एक क्षणही लागत नाही. एक मेख मात्र आहे. परवाना म्हणजे करायची मुभा. प्रत्यक्षात काय चालतं ते वेगळं असू शकतं. अनेक खाती दोन्ही प्रकारांचा परवाना घेऊन ठेवतात. शिवाय केंद्र सरकारच्या खात्यांचे परवाने एफसीसीकडे नसतातच.

या दुसऱ्या गोष्टीतूनही फायदा काढता येतो. १६२ ते १७४ मेगाहर्ट्झ हा पट्टा मुख्यतः केंद्रीय खात्यांचा आहे. तिथे पी-२५ बोकाळलेला आहे आणि त्यातलं बरंचसं कूटबद्ध. सुरुवातीला म्हटलेल्या २४ मेगाहर्ट्झच्या शोधातून हे १२ मेगाहर्ट्झ काढून टाकले की अर्धं काम आणि अर्ध्याहून जास्त गुरगुर एका झटक्यात जाते. पण ज्यांच्या भागात वणवे लागतात त्यांनी एवढं सरसकट करू नये. अमेरिकेचं वनखातं आणि वणवे विझवणाऱ्या तुकड्या याच पट्ट्यात अजूनही ॲनालॉग एफएमवर बोलतात, आणि उन्हाळ्यात त्याहून महत्त्वाचं ऐकण्यासारखं दुसरं काही नसतं.

दुसरी युक्ती सर्वांना ठाऊक असलेली : लॉकआउट. जिथे गुरगुर सापडली ती फ्रिक्वेन्सी कायमची वगळायची. पेजर, मोजकी चॅनेल अनेक गटांना आळीपाळीने वाटणाऱ्या ट्रंकिंग यंत्रणांचे कंट्रोल चॅनेल, आणि १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झवर अहोरात्र बोलणारी राष्ट्रीय हवामान खात्याची सात चॅनेल यांच्यासाठी हाच उपाय आहे, कारण ती कधीच गप्प बसत नाहीत. हवामानाचं प्रक्षेपण अस्सल ॲनालॉग आहे, तरी शोधात ते अडसरच ठरतं. पण ज्या चॅनेलवर सकाळी डीएमआर आणि संध्याकाळी ॲनालॉग असतो, अशी मिश्र चॅनेलं लॉकआउटमध्ये नाहक मरतात. अमेरिकेतल्या हौशी रेडिओच्या १४४ ते १४८ मेगाहर्ट्झच्या बँडमध्ये तर एकच रिपीटर, म्हणजे आलेला सिग्नल पुन्हा प्रक्षेपित करणारं केंद्र, दोन्ही प्रकार हाताळताना दिसतो.

तिसरी युक्ती टोनची. ॲनालॉग वॉकीटॉकी बोलण्याच्या खाली एक बारीक सूर सतत मिसळत असतात. ६७.० ते २५४.१ हर्ट्झमधला हा सूर स्पीकरपर्यंत पोचण्याआधी गाळला जातो, म्हणून कानाला कळत नाही. एकाच चॅनेलवरच्या दोन संस्थांना एकमेकांची बडबड ऐकावी लागू नये, एवढाच त्याचा हेतू. पी-२५ किंवा डीएमआरमध्ये हा सूर नसतो. तेव्हा ‘हा टोन असेल तरच थांब’ असं स्कॅनरला सांगितलं की डिजिटल आपोआप गळतं. ठरावीक चॅनेलसाठी मी हीच युक्ती पहिली सुचवेन. अनोळखी पट्टा धुंडाळताना मात्र ती लंगडी पडते. कुठला टोन असेल ते आधी माहीत नसतं, आणि कित्येक यंत्रांतला ‘टोन शोधा’ हा पर्याय सर्वांसाठी स्पीकर उघडतोच, टोन सापडला तर फक्त पडद्यावर दाखवतो. शिवाय मुळात टोनच न वापरणारे ॲनालॉग लोक कमी नाहीत.

आणि इथेच वेळेचा हिशेब आडवा येतो. ६७.० आणि ६९.३ हर्ट्झ या शेजारच्या सुरांत फरक फक्त २.३ हर्ट्झचा. इतके जवळचे दोन सूर वेगळे ओळखायचे तर ते पुरेसा वेळ ऐकावे लागतात, आणि हा वेळ फरकाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो : २.३ हर्ट्झसाठी सुमारे ०.४ सेकंद. हा कुठल्याही कंपनीचा आळस नाही, निसर्गाचा नियम आहे. चलाख मंडलं थोडं आधी अंदाज बांधतात; तरी दहा मिलिसेकंदांच्या जागी दोन-तीनशे मिलिसेकंद जातातच.

डिजिटल ओळखायलाही वेळ लागतो. पी-२५ मध्ये दर १८० मिलिसेकंदांनी ठरावीक ४८ बिटांची एक खूण येते, डीएमआरच्या बोलण्यात दर ३६० मिलिसेकंदांनी. ही खूण दिसली की यंत्र खात्रीने म्हणू शकतं, हे डिजिटल आहे, पुढे चला. युनिडेनच्या काही स्कॅनरमध्ये चॅनेलगणिक ‘सर्व’, ‘फक्त ॲनालॉग’, ‘फक्त डिजिटल’ असा आवाजाचा प्रकार निवडता येतो, ते याच जोरावर. यातली विसंगती लक्षात घ्या. डिजिटल नीट वगळायचं तर डिजिटल समजणारा स्कॅनर हवा. ज्याच्याकडे फक्त ॲनालॉग समजणारं जुनं यंत्र आहे, म्हणजे ज्याला वगळण्याची खरी निकड आहे, त्याच्या यंत्राला गुरगुर ही गुरगुर म्हणून ओळखताच येत नाही.

हिशेब करून पाहू. १५० ते १६२ मेगाहर्ट्झ, साडेसात किलोहर्ट्झची पायरी, म्हणजे १६०० पायऱ्या. सेकंदाला शंभर या वेगाने सगळं मैदान सोळा सेकंदांत पालथं होतं. त्यात समजा चाळीस डिजिटल सिग्नल चालू आहेत आणि प्रत्येकापाशी खात्री करायला ०.४ सेकंद गेले, तर आणखी सोळा सेकंद. फेरीचा वेळ दुप्पट. पोलिस किंवा ट्रकवाला रेडिओवर बोलतो ते तीन-चार सेकंद. फेरी लांबली की तेवढी वाक्यं तुमच्या पाठीमागे बोलून संपतात.

जुन्या यंत्रांसाठी एक मधला मार्ग काही उत्पादकांनी काढला होता. आयकॉमच्या काही रिसीव्हरमध्ये ‘व्हॉइस स्कॅन’ची सोय असे : सिग्नलवर थांबायचं, पण आवाज बोलण्यासारखा चढउतार करत नसेल तर पुढे निघायचं. कल्पना सुरेख आहे. माणूस सेकंदाला साधारण तीन ते पाच अक्षरं उच्चारतो आणि आवाजाचा जोर त्याच गतीने वरखाली होतो. पी-२५ची गुरगुर सपाट असते. डीएमआरचा हातातला रेडिओ तीस मिलिसेकंद बोलतो, तीस गप्प राहतो, म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा ठोके. कुठलीही जीभ इतकी भरभर चालत नाही. त्या ठोक्यांमुळेच सरावलेला कान डीएमआर अर्ध्या सेकंदात ओळखतो. हा कान कमावणं मला कुठल्याही बटणापेक्षा मोलाचं वाटतं.

२०१२ पासून मात्र डावच पालटला. डिजिटल दूरदर्शनसाठी विकल्या जाणाऱ्या, रिअलटेकची आरटीएल-२८३२-यू चिप असलेल्या स्वस्त यूएसबी डोंगलमधून कच्चा सिग्नल थेट संगणकात घेता येतो, हे काही उत्साही लोकांनी शोधून काढलं आणि सॉफ्टवेअर रेडिओ घरोघर पोचला. हा डोंगल एका वेळी सुमारे २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा सबंध पाहतो. पायरी-पायरीने फिरायचं कारणच उरत नाही. तीनशेहून जास्त चॅनेल एकदम समोर असतात आणि ‘काय आहे’ हा प्रश्न सवडीने विचारता येतो. पडद्यावर वरून खाली सरकणाऱ्या रंगीत पट्ट्यात, ज्याला वॉटरफॉल म्हणतात, ॲनालॉग एफएम बोलण्याबरोबर फुगतो आणि आकसतो, शब्दांमधल्या विरामात बारीक रेघ होतो. एएममध्ये मधोमध ठाम रेघ आणि दोन्ही बाजूंना सारखे पंख. डिजिटल सिग्नल कडा सरळ कापलेला, एकाच रुंदीचा ठोकळा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना याहून सोपी खूण सापडते : पी-२५चा सिग्नल मध्यापासून ६०० आणि १८०० हर्ट्झ वर, तितकाच खाली, अशा चारच पातळ्यांवर नाचतो. सिग्नलच्या नमुन्यांचा आलेख काढला की चार शिखरं उभी राहतात. माणसाच्या बोलण्याचा आलेख काढला तर मध्ये एक उंचवटा.

हे सगळं करायचं नसेल तर अशा पट्ट्यात जा, जिथे वगळायला जवळजवळ काही नाही. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवरची विमानं अजूनही एएमवर बोलतात, जगभर. जुनाट वाटणारी ही पद्धत टिकण्यामागे खर्च आणि आंतरराष्ट्रीय सहमती ही कारणं आहेतच, पण एक तांत्रिक कारणही आहे. एफएममध्ये दोघे एकदम बोलले तर जोरदार सिग्नल दुसऱ्याला पूर्ण दाबतो आणि कोणी दबला हे ऐकणाऱ्याला कळतही नाही. एएममध्ये दोघांची टक्कर होऊन शिटी वाजते : निदान गोंधळ झाला हे समजतं. समजलं म्हणजे वाचलो असंही नाही. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर कंट्रोल टॉवर आणि पॅन ॲमचं विमान एकाच वेळी बोलले, केएलएमच्या कॉकपिटमध्ये तीच कर्कश शिटी ऐकू आली आणि पॅन ॲम अजून धावपट्टीवरच असल्याचा निरोप तिच्याखाली हरवला. त्या अपघातात ५८३ माणसं गेली. विमानांच्या पट्ट्यातही आता थोडं डिजिटल आहे; अमेरिकेत १३१.५५० मेगाहर्ट्झवर एकार्सचे, म्हणजे विमान आणि जमीन यांच्यातल्या लेखी निरोपांचे, तुकडे आणि १३६.९७५ वर त्याची पुढची पिढी. दोन-चार लॉकआउट केले की बाकीचं आकाश बोलकं आहे.

अमेरिकी रेल्वेही १६० ते १६१.६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बव्हंशी ॲनालॉग आहे. रुळांशेजारी बसवलेली दोष तपासणारी यंत्रं गाडी गेली की स्वतःच रेडिओवर बोलतात, अमुक मैलावर काही दोष नाही, एकूण इतके आस. यंत्राचा आवाज, पण ॲनालॉगवर. जहाजांचं सोळावं चॅनेल, १५६.८ मेगाहर्ट्झ, सगळ्या किनाऱ्यांवर ॲनालॉग एफएमच.

पोलिसांच्या बाबतीत मात्र छंदाला उतरती कळा लागली आहे, आणि तिचं खापर डिजिटलवर फोडणं चुकीचं आहे. नुसतं डिजिटल हे स्कॅनर बदलून ऐकता येतं. कूटबद्ध केलेलं ऐकता येत नाही आणि ते फोडणं अमेरिकेत गुन्हा आहे. न्यू यॉर्कचे पोलिस कितीतरी काळ ॲनालॉगवर होते. जुलै २०२३ मध्ये उत्तर ब्रुकलिनच्या ठाण्यांपासून त्यांनी कूटबद्ध यंत्रणेकडे जायला सुरुवात केली. शिकागोने त्याआधीच पत्रकारांना आणि नागरिकांना तीस मिनिटं उशिराचं प्रक्षेपण देऊ केलं होतं. संशयितांना पोलिसांचा ठावठिकाणा कळू नये, बळींचे पत्ते हवेत जाऊ नयेत, ही कारणं खोटी नाहीत. पण वीजीपासून आजवर पोलिसांच्या आधी किंवा बरोबर पोचणारा पत्रकार ही लोकशाहीतली एक फुकटची राखण होती, आणि ती काढून घेताना तिच्या जागी काय ठेवणार हे कोणी सांगितलं नाही.

ऐकण्याला मर्यादा आधीही होत्या. डिसेंबर १९९६ मध्ये फ्लोरिडातल्या एका दांपत्याने गाडीतल्या स्कॅनरवर अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे तेव्हाचे सभापती न्यूट गिंग्रिच यांचा मोबाइलवरचा संवाद पकडला, ध्वनिमुद्रित केला, तो पुढे वर्तमानपत्रात आला आणि दांपत्याला दंड झाला. तेव्हाचे मोबाइल ॲनालॉग होते, त्यामुळे हे शक्य झालं. मोबाइलच्या फ्रिक्वेन्सी पकडणारे स्कॅनर बनवायला आणि आयात करायला १९९४ पासूनच बंदी होती. न्यू यॉर्क राज्यात पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी ऐकणारा रेडिओ परवानगीशिवाय गाडीत बाळगता येत नाही. ब्रिटनमध्ये आपल्यासाठी नसलेला संदेश ऐकणं हाच २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

भारतात तर प्रश्न ऐकण्याच्याही आधी सुरू होतो. १९३३ च्या कायद्यापासून बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवाना लागत आला आहे आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी अधिकृत मंजुरीची अट आहे. तेव्हा अमेरिकेतल्या मुलाकडून येताना स्कॅनर मागवण्याचा विचार असेल तर तो सोडा. त्याऐवजी हौशी रेडिओची सरकारी परीक्षा द्या. अभ्यास फार अवघड नाही आणि परवाना मिळाल्यावर १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा बँड तुमचा. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावरचे अंतराळवीर शाळकरी मुलांशी बोलतात ते याच बँडमध्ये, १४५.८०० मेगाहर्ट्झवर, साध्या ॲनालॉग एफएमवर. आणि तुम्ही अमेरिकेतच असाल तर दुकानात जाण्याआधी आपल्या गावच्या परवान्यांतली शेवटची तीन अक्षरं वाचा. तिथे ३ दिसत राहिला तर स्वस्तातला ॲनालॉग स्कॅनर पुरे. महागड्या डिजिटल यंत्राला पैसे घालू नका.